गेला, गेली, गेलं

भाचीला ताप होता. तेरा वर्षांची आहे, डोळे चुरचुरतायत म्हणून पुस्तक नको, डोकं ठणकतंय म्हणून मोबाईल नको, आणि नुसतं पडून राहणं तिला जन्मात जमलेलं नाही. मावशी तू सांग काहीतरी, पण बोअर नको. मला आयत्या वेळी गोष्टी सुचत नाहीत, त्यामुळे जी गोष्ट कित्येक वर्षं माझ्या डोक्यात मुक्कामालाच आहे तीच काढली, उर्सुला ले ग्विन ह्या अमेरिकन लेखिकेची विज्ञानकादंबरी 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'. अख्खी कादंबरी काही तापात सांगण्यासारखी नाही, म्हणून थेट बर्फावरच गेले. दोन माणसं, एक स्लेज, एक तंबू, एक छोटी शेगडी, मागे तुरुंग आणि पुढे आठशेहून जास्त मैल नुसता बर्फ. ती डोळे मिटून ऐकत होती, मी रंगात आले होते, एस्ट्रावेन स्लेजच्या पुढे जाऊन काठीने बर्फ टोचत टोचत कुठे भेग आहे का ते बघतोय असं काहीतरी सांगत होते, तेवढ्यात तिने डोळे न उघडताच विचारलं, "मावशी, मगाशी तू 'आली' म्हणालीस आणि आता 'गेला' म्हणतेस. एस्ट्रावेन नक्की कोण आहे?"

मी म्हटलं, "ते महत्त्वाचं नाहीये गं. तू पुढचं ऐक."

ती ऐकत राहिली आणि थोड्या वेळाने झोपलीसुद्धा, पण मला काही झोप येईना. कारण 'ते महत्त्वाचं नाहीये' हे धडधडीत खोटं होतं. त्या पुस्तकात तेवढंच तर महत्त्वाचं आहे. पृथ्वीवरचा गेन्ली आय नावाचा माणूस दूत म्हणून गेथेन नावाच्या गोठलेल्या ग्रहावर जातो, तिथे कुणीच कायमचं पुरुष नाही आणि कुणीच कायमची बाई नाही, महिन्यातले बरेचसे दिवस सगळे नुसतेच माणूस असतात, मग केमरचे थोडे दिवस येतात तेव्हा शरीर ह्या बाजूला नाहीतर त्या बाजूला झुकतं, आणि कुठल्या बाजूला ते आधी कुणालाच ठाऊक नसतं. एकच माणूस दोन मुलांची आई आणि आणखी तिघांचा बाप असू शकतो. हे सगळं मला तोंडपाठ आहे, आणि तरी तिने सरळ विचारलं तेव्हा मी तिला उडवून लावलं. का, तर मला मराठीत ते वाक्य करता येत नव्हतं.

हे पुस्तक मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा वीस-एकवीसची असेन, आणि अर्ध्यात सोडलं होतं. सुरुवातीलाच मिरवणूक, राजा, कमान, पंतप्रधान, अवघड नावांचा मारा, मला वाटलं ह्यात अंतराळ कुठे आहे. दुसऱ्यांदा काही वर्षांनी वाचलं ते एका वाक्यामुळे. कारहाइड देशातल्या जेवणाविषयी गेन्ली सहज सांगून जातो की तिथे टेबलावर ताट-वाटीबरोबर एक छोटंसं हत्यार ठेवलेलं असतं, दोन घोटांच्या मध्ये प्याल्यात जी बर्फाची पापडी धरते ती फोडायला. बस्स. ह्यावर तो परिच्छेद लिहीत बसत नाही, पुढे निघून जातो. पण मी तिथे थांबले. घराच्या आत, जेवायला बसलेलं असताना, हातातलं पेय गोठतं, आणि ह्याचं तिथे कुणाला काही वाटत नाही, उलट हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी त्यासाठी एक वस्तू घडवली आणि आता ती चमच्यासारखी प्रत्येकाच्या पानाशेजारी असते. त्या छोट्याशा हत्यारात मला अख्खा ग्रह दिसला. तापमानाचे आकडे देऊन हे कधीच झालं नसतं.

वर्ल्डबिल्डिंग, म्हणजे काल्पनिक जग रचणं म्हटलं की आजकाल नकाशे, वंशावळी, जादूचे नियम असं सगळं डोळ्यांसमोर येतं. ले ग्विनचे वडील मानववंशशास्त्रज्ञ होते, आल्फ्रेड क्रोबर, आणि मला वाटतं त्यामुळेच ती जग बाहेरून बांधत नाही, तिथल्या माणसांच्या सवयींमधून बांधते. घरांना जमिनीपासून कितीतरी उंचावर एक वेगळा दरवाजा असतो, हिवाळ्यात बर्फ तिथपर्यंत चढतो म्हणून. पडलेल्या बर्फाच्या जाती आणि अवस्था सांगायला त्यांच्याकडे बासष्ट शब्द आहेत, आणि पडत असलेल्या बर्फाचे शब्द वेगळेच. गाड्या आहेत पण सावकाश चालतात, आणखी वेगात का नाही चालवत विचारलं तर ते उलट विचारतात, कशाला? त्या ग्रहावर पक्षीच नाहीत, त्यामुळे विमानाची कल्पना कधी कुणाच्या मनातच आली नाही, उडणारं काही पाहिलेलंच नाही तर उडावंसं वाटणार कसं. आणि कालगणना! चालू वर्ष हे नेहमी पहिलं वर्ष. पाडव्याला नवा आकडा लागत नाही, उलट मागची-पुढची सगळी वर्षं आजपासून मोजायची. मी हे वाचून एक दिवस माझ्या आयुष्यातली वर्षं तशी मोजून बघितली होती, उणे तीन, उणे अकरा, उणे वीस, आणि माझ्या आयुष्यातल्या काही माणसांचं जाणं अचानक फार जवळ सरकलं. ते अजून विसरले नाहीये.

पण नुसत्या ह्या गमतीजमतींसाठी मी ते पुस्तक पाच-सहा वेळा वाचलं नसतं. मला त्यात सगळ्यात जबरदस्त वाटतं ते हे, की त्या जगाची एक एक गोष्ट गेन्ली आणि कारहाइडचं पंतप्रधानपद सांभाळणाऱ्या एस्ट्रावेनच्या नात्यात येऊन रुतते. शिफ्ग्रेथरचंच घ्या. कारहाइडमधला हा प्रकार म्हणजे मान, पत, आब, इभ्रत ह्या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी बसणारं काहीतरी, आणि त्याचा एक नियम असा की समोरच्याला सरळ सल्ला द्यायचा नाही, तो अपमान होतो. एस्ट्रावेनला सुरुवातीपासून कळलेलं असतं की गेन्लीचा जीव धोक्यात आहे, आणि तसं परोपरीने सुचवलंही जातं, पण आडून आडून, मान राखून. गेन्लीला त्यातलं काही कळत नाही. त्याला वाटतं हा माणूस कावेबाज आहे, गुळगुळीत बोलतोय, बायकी डावपेच करतोय. हो, बायकी हाच त्याचा शब्द, आणि सुरुवातीच्या प्रकरणांमध्ये त्याची ही असली मतं वाचताना मला अजूनही राग येतो, पुस्तक मिटून ठेवावंसं वाटतं. त्याच्यासमोर एक पूर्ण माणूस बसलेलं आहे आणि तो त्याचे दोन तुकडे करून बघतोय, पुरुष म्हणून भरवसा ठेवावा तर बाई दिसते आणि बाई म्हणून बघावं तर पुरुष. अख्ख्या ग्रहावर त्याच्यावर पूर्ण विश्वास टाकणारं एकच माणूस आहे, आणि नेमकं त्याच्यावरच ह्याचा विश्वास नाही.

मग एस्ट्रावेनवर देशद्रोहाचा ठपका, हद्दपारी, शेजारच्या ऑर्गोरेन देशातली खोटी आगतस्वागतं (हा भाग मला थोडा लांबलेला वाटतो, खोटं कशाला बोलू), आणि शेवटी गेन्लीची रवानगी छळछावणीत. तिथून त्याला एस्ट्रावेन सोडवतं. बघा, इथे माझ्या हातून 'सोडवतं' लिहून झालं. ते मी खोडत नाही, त्याच्याकडे परत येईन.

तंबूतली ती पहिली सकाळ मला फार आवडते. गेन्ली शुद्धीवर येतो तेव्हा ऊब असते, मऊ उजेड असतो, आणि शेजारी थकून झोपलेलं, घामेजलेलं एस्ट्रावेनचं शरीर. तो पहिल्यांदा नुसतं बघतो, काही न ठरवता. तिथून सुमारे ऐंशी दिवसांचा प्रवास सुरू होतो आणि इतक्या मोठ्या ग्रहाची कादंबरी आक्रसत आक्रसत एका तंबूएवढी होते. ले ग्विनने एके ठिकाणी सांगितलंय की तिला ह्या पुस्तकातलं आधी हेच दिसलं होतं, दूरवर बर्फात स्लेज ओढणाऱ्या दोन आकृत्या, आणि बाकी ग्रह-बिह सगळं नंतर. मला हे कळलं तेव्हा खूप बरं वाटलं. म्हणजे माझा जो समज होता तो बरोबरच होता, की हा एवढा हिवाळा रचलाय तो दोन माणसांना एका शेगडीपाशी आणून बसवायला. बाहेर मरणाची थंडी नसती तर ती दोघं चार दिवससुद्धा एका छपराखाली राहिली नसती.

आणि आत काय चालतं, तर रोजचं. किती शिधा उरलाय ते मोजायचं. बर्फ वितळवून गरम पेय करायचं. शेगडी किती मोठी ठेवायची ह्यावरून कुरबूर, कारण एकाला जी ऊब वाटते ती दुसऱ्याला भट्टी वाटते आणि एकाला जे सुखाचं वाटतं त्यात दुसरा कुडकुडतो, मग मधलं काहीतरी ठरवायचं. एस्ट्रावेनच्या डायरीत एक नोंद आहे, गेन्लीला रडू आलं की तो तोंड लपवतो, त्याला बहुतेक रडणं लाजिरवाणं वाटतं. एवढीच नोंद, टीका नाही, कीव नाही. पण पुरुष म्हणजे काय ह्याचं गेन्लीच्या डोक्यात जे कुलूप बसलेलं आहे ते परक्या नजरेला पहिल्यांदा दिसतं ते तिथे. एकदा एस्ट्रावेनच्या पायाखालचा बर्फ खचतो आणि गेन्ली वर ओढून काढतो. पुढे असे दिवस येतात की आभाळ आणि बर्फ दोन्ही एकसारखं पांढरं होतं आणि कशालाच सावली राहत नाही. उजेड भरपूर आहे पण सावलीच नाही, त्यामुळे पुढचं पाऊल जमिनीवर पडतंय की भेगेत हेच कळत नाही, आणि गेन्लीसारखा धडधाकट माणूस जागच्या जागी गोठून उभा राहतो. त्याच सुमारास तंबूत बसून तो कागदावर एक खूण काढून दाखवतो, काळं-पांढरं एकमेकांत गुंतलेलं वर्तुळ, आणि म्हणतो की ही तूच आहेस, म्हणजे इंग्रजीत लिंग नसलेलं असं काहीतरी म्हणतो. मला हे वाचल्यावर कितीतरी दिवसांनी लक्षात आलं की शिफ्ग्रेथर ह्या शब्दाचं मूळसुद्धा सावली असंच दिलेलं आहे. ज्या सावलीपायी म्हणजे मानापायी दोघांचं काही धड बोलणं झालं नव्हतं, ती बाजूला ठेवली तेव्हा कुठे नातं जुळलं, आणि चालायला मात्र सावली लागतेच. हे ले ग्विनने कुठेही समजावून सांगितलेलं नाही.

आता त्या क्रियापदाकडे येते.

इंग्रजीत तिने सरसकट सगळ्यांना पुरुषी सर्वनाम वापरलंय. १९६९ मध्ये पुस्तक आलं, विज्ञानकथांचे ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही पुरस्कार मिळाले, आणि ह्यावरून टीकाही झाली की अहो तुमचे हे लोक तर वाचताना नुसते पुरुषच वाटतात. १९७६ च्या एका निबंधात तिने आपली बाजू मांडली होती. पुढे ऐंशीच्या दशकात त्याच निबंधात नव्या टिपा घालून तिने स्वतःचंच म्हणणं मागे घेतलं, म्हणाली की चुकलं. जुना मजकूर न पुसता, त्याच्याच शेजारी. त्याआधी १९७५ च्या कथासंग्रहात ह्याच ग्रहावरची एक जुनी कथा घेताना सगळ्या पुरुषी सर्वनामांच्या जागी तिने बाईची सर्वनामं घातली होती आणि राजाला राजाच ठेवलं होतं. मला ह्या बाईबद्दल जो आदर आहे तो त्या पुरस्कारांपेक्षा ह्या टिपांमुळे जास्त आहे.

पण तिला नुसतं सर्वनामच सांभाळायचं होतं. आपल्याकडे क्रियापदसुद्धा माणसाला सोडत नाही. आला, आली, आलं. बसतो, बसते, बसतं. 'मी' म्हटलं तरी सुटका नाही, गेलो की गेले हे तोंड उघडायच्या आधी ठरवावं लागतं, म्हणजे एस्ट्रावेनची डायरी मराठीत लिहायची तर पहिल्याच ओळीला अडायला होणार. नपुंसकलिंग आहे म्हणावं तर ते वस्तूंना, जनावरांना, आणि शब्द तरी कसला आहे बघा, काय नाही ते सांगणारा. एस्ट्रावेनमध्ये नसलेलं काही नाहीये, दोन्ही आहे. मी ते त्या रात्रीच बाद करून टाकलं.

मग पडल्या पडल्या मी वाक्यं करून बघत राहिले आणि जसजशी करत गेले तसतशी मला माझीच भाषा नव्याने दिसायला लागली. एस्ट्रावेनने स्लेज ओढली. कोणी ओढली, बाईने का पुरुषाने, वाक्य सांगतच नाही, क्रियापद स्लेजच्या मागे गेलं. एस्ट्रावेनने तंबू ठोकला, बर्फ वितळवला, शेगडी पेटवली. एस्ट्रावेनला थंडी वाजली, भीती वाटली, झोप लागली, आठवण आली. म्हणजे हाताने काही केलं किंवा मनाला काही झालं की आपली भाषा विचारत नाही तू कोण. येणं, जाणं, बसणं, उठणं, मरणं इथे मात्र विचारते. भविष्यकाळातही विचारत नाही, एस्ट्रावेन जाईल, एस्ट्रावेन परत येईल. पुस्तकात राजा गरोदर आहे हे सांगणारं एक वाक्य फार गाजलेलं आहे, इंग्रजीत ते वाचताना लोक दचकतात. मराठीत ते मी म्हणून बघितलं, राजाला दिवस गेलेत, आणि ते इतकं घरातलं वाटलं की मी अंधारात एकटीच हसले. तसंच गेन्लीचं आडनाव. आय. एस्ट्रावेनच्या डायरीत असं आहे की नाव विचारलं तेव्हा उत्तरादाखल जणू माणसाच्या गळ्यातून निघालेली वेदनेची हाक ऐकू आली. आपण तर कळ आली की तीच हाक मारतो.

आणि मग एक वाक्य असं आलं की मी उठूनच बसले. 'आम्ही गेलो.' बायका म्हणोत, पुरुष म्हणोत, दोघं मिळून म्हणोत, आम्ही गेलो, आम्ही थांबलो, आम्ही पडलो, आम्ही परत उठलो. 'मी' ला लिंग आहे आणि 'आम्ही' ला नाही! एवढी वर्षं हे रोज बोलतेय आणि कधी लक्षात आलं नव्हतं. त्या बर्फावर दोघांचं जे होतं ते नेमकं हेच आहे ना. केमरचे दिवस येतात तेव्हा एस्ट्रावेनचं बोलणं तुटतं, गेन्ली विचारतो माझं काही चुकलं का, आणि मग दोघं त्याविषयी उघड बोलतात आणि एकमेकांना हात न लावायचं ठरतं, आणि तिथेच, त्या न लावलेल्या हातात, ते एकमेकांचे होतात. गेन्लीला अखेर मान्य करावं लागतं की जे इतके दिवस बघायची भीती वाटत होती ते समोरच होतं. तोपर्यंत त्याच्या वाक्यात एक मी आहे आणि एक तो आहे. नंतर आम्ही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला होता, ती उठून बसली होती, आणि पहिलं वाक्य तिचं तेच, मावशी पुढे काय झालं. मी आधी तिच्या कालच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, सगळं नीट, केमरसकट, तिने एवढंच म्हटलं की मग काल का नाही सांगितलंस. त्यावर मला काही बोलता आलं नाही. मग गोष्ट पुढे नेली, रात्रभर जमवून ठेवलेल्या वाक्यांनिशी. अगदी पहिल्या प्रकरणातल्या कमानीपासून सांगितलं, की राजा कमानीचा मधला दगड बसवतो तेव्हा चुना लालसर का दिसतो, तर पूर्वी त्यात माणसाचं रक्त आणि हाडांची पूड मिसळायचे, त्याशिवाय कमान टिकत नाही अशी समजूत, हल्ली जनावराचं वापरतात, आणि हे गेन्लीला सांगितलं कोणी, तर शेजारी उभ्या असलेल्या एस्ट्रावेननेच. ती म्हणाली, अरे बापरे, आणि गप्प झाली. मग बर्फ, तंबू. मग ती मनाने मनाशी बोलायची विद्या, गेन्ली शिकवतो, आणि एस्ट्रावेनला जो आवाज ऐकू येतो तो गेन्लीचा नसतोच, आरेकचा असतो, कधीच मेलेल्या भावाचा. मग कारहाइडची सीमा, जिथे एस्ट्रावेनला जिवंत ठेवायची कुणालाच परवानगी नाही. स्की बांधून उतारावरून थेट बंदुकांच्या दिशेने घेतलेली ती धाव. गेन्ली पोचेपर्यंत छाती फुटलेली. त्याने डोकं कवेत घेतलं, आणि एस्ट्रावेनने मनातूनच हाक मारली ती आरेकला.

ह्या जागेसाठी मी वाक्य ठरवून ठेवलं होतं, एस्ट्रावेनने जीव सोडला. बिनचूक वाक्य आहे. ते मी रात्री चार वेळा म्हणूनही बघितलं होतं.

तोंडातून आलं ते, "गेलं गं बिचारं."

मी भाचीकडे बघितलं. ती पांघरुणाची कड मुठीत धरून बसली होती, गेला का गेली असलं काही तिने विचारलं नाही.

"आणि गेन्ली?" ती म्हणाली.